‘व्हायरल’ आणि ‘स्वाइन फ्लू’ यांच्यामध्ये अडकलेली लस

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नौपाड्यातल्या किंवा नेरूळमधल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर तासभर बसलं, तर एक वाक्य दहा वेळा कानावर पडतं: ‘काही नाही, व्हायरल आहे.’ तीन-चार दिवस ताप, अंग ठणकणं, कोरडा खोकला, धरलेला घसा. पॅरासिटामॉल, गरम पाणी, आराम. आठवड्याभरात पेशंट पुन्हा लोकलच्या गर्दीत.

यातल्या काही जणांना खरोखरचा इन्फ्लूएन्झा, म्हणजे फ्लू, झालेला असतो. पण त्यांना ते कधीच कळत नाही, कारण तपासणी होत नाही. यात डॉक्टरांचा हलगर्जीपणा नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांमध्ये रुग्णांचे तीन गट पाडलेले आहेत. सौम्य ताप-खोकला असेल तर पहिला गट: तपासणी नाही, विषाणूविरोधी गोळीही नाही. ताप जास्त असेल किंवा रुग्ण गरोदर, वयस्कर, मधुमेही, दमेकरी असेल तर दुसरा गट: ऑसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध सुरू करता येतं, तपासणी तरीही लागत नाही. दम लागतोय, छातीत दुखतंय, ओठ निळे पडतायत, रक्तदाब उतरतोय, असं झालं की तिसरा गट: रुग्णालयात भरती आणि तपासणी. व्यवस्था म्हणून हे योग्यच आहे. प्रत्येक तापाची काही हजारांची चाचणी कोण करणार?

परिणाम मात्र विचित्र होतो. एकाच आजाराला आपल्याकडे दोन नावं पडली आहेत. घरी बरा झाला तर ‘व्हायरल’, आयसीयूत गेला तर ‘स्वाइन फ्लू’. पहिल्यासाठी लस घ्यावी असं कोणाला वाटत नाही आणि दुसरा आपल्याला होईल असं कोणाला वाटत नाही. ठाणे-नवी मुंबईत फ्लूची लस न घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण लशीच्या विरोधात नसतात. हीच मंडळी बाळाच्या बीसीजी-पोलिओच्या तारखा फ्रिजवर चिकटवून ठेवतात. या लशीला ते ‘नाही’ म्हणत नाहीत, त्यांचं ‘राहून जातं’. नकार आणि राहून जाणं या दोन गोष्टींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

आधी ‘स्वाइन फ्लू’ या शब्दाबद्दल. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात या आजाराने देशातला पहिला मृत्यू झाला, मुंबई-पुण्यात शाळा आणि थिएटरं बंद झाली, आणि तो शब्द डोक्यात घट्ट बसला. तो विषाणू, एच१एन१, त्यानंतर कुठे गेला नाही. दरवर्षी फिरणाऱ्या नेहमीच्या फ्लूमधलाच तो एक झाला आणि २०१० पासून प्रत्येक हंगामी लशीत त्याचा समावेश असतो. केमिस्टकडे जाऊन ‘स्वाइन फ्लूची वेगळी लस आहे का’ असं विचारणाऱ्याला मिळते ती हीच लस.

प्रश्न वेळेचा आहे. वर्तमानपत्रात ‘स्वाइन फ्लूचे रुग्ण वाढले’ ही बातमी येते जुलै-ऑगस्टमध्ये आणि त्यानंतर केमिस्टचे फोन वाजायला लागतात. लस टोचल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे बातमी वाचून, स्टॉक शोधून, रविवारची वाट पाहून घेतलेली लस कामाला लागेपर्यंत पहिली लाट अंगावरून गेलेली असते. आपल्या पट्ट्यात फ्लूचा जोर पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला असतो, शिवाय जानेवारी ते मार्च अशी दुसरी उसळी येते. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ या फ्लूच्याच दुसऱ्या विषाणूने गाजवलेली उसळी ती हीच. त्यामुळे ऑगस्टमध्ये घेतलेली लस वाया जाते असं नाही. पण नालेसफाई मृगाच्या आधी करतात, पाणी तुंबल्यावर नव्हे. तसंच हे आहे.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण: ‘मागच्या वर्षी घेतली होती, तरी आजारी पडलोच.’

हे खोटं नसतं, म्हणून ते मोडून काढायच्या फंदात न पडता समजून घ्यावं. कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१८ साली निरोगी प्रौढांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. लस न घेतलेल्या दर १०० जणांपैकी एका हंगामात साधारण २१ ते २२ जणांना फ्लूसारखा आजार होतो. घेतलेल्यांमध्ये १८ जणांना. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू मात्र न घेतलेल्यांत २.३ टक्के आणि घेतलेल्यांत ०.९ टक्के. एकाच लशीचे हे दोन आकडे आहेत. ज्या आजारासाठी ती बनली आहे तो ती निम्म्याहून जास्त कमी करते. पण ताप-खोकला आणणारे ऱ्हायनोव्हायरस, ॲडिनोव्हायरस, आरएसव्ही आणि असे कितीतरी विषाणू आहेत, त्यांच्यावर तिचा काडीचाही परिणाम नाही. आणि आपल्याकडे त्या सगळ्यांचं नाव एकच, ‘व्हायरल’.

१०० माणसांत २१ चे १८ होणं चार माणसांच्या घरात दिसेल का? शक्यच नाही. माणूस स्वतःच्या अनुभवावरून ठरवतो, आणि या बाबतीत अनुभव हा फार वाईट साक्षीदार आहे. लस लागू पडली की काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याची आठवण कोणाला राहत नाही.

याच आकड्यांमधून दुसरी गोष्टही प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोक्रेनच्या हिशेबाने एका निरोगी प्रौढाचा फ्लू टाळायला ७१ जणांना लस द्यावी लागते. तिशीतला धडधाकट माणूस हा सौदा पाहून ‘नको’ म्हणाला, तर त्याला अडाणी ठरवण्यात अर्थ नाही. त्यातच एच१एन१ विरुद्ध लस बऱ्यापैकी चालते आणि एच३एन२ विरुद्ध कमी. अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ साली काढलेली लशीच्या परिणामकारकतेची सरासरी पहिल्यासाठी ६१ टक्के आणि दुसऱ्यासाठी ३३ टक्के होती. ‘घ्या, शंभर टक्के सुरक्षित राहाल’ असं सांगणारा माणूस पुढच्या वर्षीचा एक नकार आजच पेरत असतो.

पण हाच हिशेब वय आणि आजार बदलले की पार उलटा होतो. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवर आठ देशांत झालेली एक चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. अडीच हजारांहून थोडे जास्त रुग्ण होते. निम्म्यांना रुग्णालयातच फ्लूची लस दिली, निम्म्यांना नुसतं सलाइन टोचलं. वर्षभरात सलाइनवाल्यांमधले ४.९ टक्के दगावले, लसवाल्यांमधले २.९ टक्के. फ्लूचा ताप आला की हृदयावर ताण पडतो, रक्तवाहिन्यांना आतून सूज येते, गुठळी होण्याची शक्यता वाढते, म्हणून हा फरक. अँजिओप्लास्टीनंतर गोळ्यांचा डबा भरून देणाऱ्या फाइलीत या लशीची ओळ मात्र क्वचितच दिसते.

आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कात काम करणाऱ्या तिशीतल्या माणसाला ऑफिसच्या शिबिरात लस फुकट मिळते. मुलाला पेडिॲट्रिशियन देतात. आणि घरातले आजी-आजोबा, ज्यांना सगळ्यात जास्त फायदा, ते ‘आता या वयात आम्हाला कशाला, पोरांना द्या’ म्हणतात आणि सगळे ते ऐकून घेतात. त्यांच्यावर पैसे खर्च होऊ नयेत ही त्यांचीच इच्छा असते. ‘तुमच्यासाठी घ्या’ म्हटलं की आजोबा ऐकत नाहीत. ‘तुम्ही नातवाला शाळेतून आणता, तुम्ही आजारी पडलात तर घराची घडी विस्कटते’ म्हटलं की विचार करतात.

पैशाचं काय? चार घटकांच्या, म्हणजे फ्लूच्या चार विषाणूंविरुद्धच्या, लशीचा एक डोस खासगीत साधारण दीड ते अडीच हजार रुपयांना पडतो. चौकोनी कुटुंबाचे सात-आठ हजार, आणि तेही दरवर्षी. घणसोली गावातल्या किंवा किसननगरच्या रिक्षावाल्याने ही लस घेतली नाही, तर त्यामागचं मानसशास्त्र शोधायची गरज नाही. तुर्भ्याच्या एपीएमसीत गोणी उचलणाऱ्या माथाडी कामगाराला लशीनंतर एक दिवस हात दुखणं म्हणजे एका दिवसाची मजुरी. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. महाराष्ट्र सरकारने मात्र २०१५ पासून गरोदर स्त्रिया, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ती सरकारी केंद्रांतून मोफत द्यायला सुरुवात केली. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात आधी फोन करून ‘साठा आहे का आणि कोणत्या वारी देता’ एवढं विचारावं. साठा संपलेल्या दिवशी हेलपाटा झाला, की माणूस दुसऱ्यांदा सहसा येत नाही.

‘लशीनेच ताप आला’ हा पुढचा मुद्दा. टोचायच्या लशीत मारलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्याने फ्लू होणं शक्य नाही. पण हात दुखतो, आणि तो चांगलाच दुखतो. अमेरिकेत नोकरदार प्रौढांवर झालेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना लस, काहींना नुसतं खारं पाणी टोचलं. कोणाला काय ते कोणालाच माहीत नव्हतं. लसवाल्यांपैकी ६४ टक्क्यांचा हात दुखला, पाणीवाल्यांपैकी २४ टक्क्यांचा. ताप मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखा, सुमारे सहा टक्के. म्हणजे नुसतं पाणी टोचलं तरी शंभरातल्या सहांना त्या आठवड्यात ताप येणारच होता. लस आपण घेतो तेही नेमकी आजूबाजूला सर्दी-तापाची साथ असताना, त्यामुळे योगायोगाला भरपूर वाव. लहान मुलांमध्ये एखाद-दोन दिवस हलका ताप खरंच येऊ शकतो, ते आधीच सांगितलेलं बरं.

हे सगळं समजावून सांगितलं की लोक तयार होतील? गंमत इथे आहे. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१५ साली हेच तपासलं. ‘लशीने फ्लू होत नाही’ ही माहिती वाचल्यावर लोकांचा गैरसमज खरोखर कमी झाला. पण ज्यांना मुळात दुष्परिणामांची जास्त धास्ती होती, त्यांची लस घ्यायची तयारी उलट घटली. एक शंका फेडली की मन दुसरी शोधून आणतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुद्देसूद उत्तरं लिहून दमलेल्या सेक्रेटरींना यात नवीन काही वाटणार नाही.

धास्तीच्या मुळाशी बहुतेकदा एक साधा हिशेब असतो. लस न घेता आजारी पडलो तर ते नशीब. घेऊन काही झालं तर तो आपला निर्णय, आणि बोल लावायला माणूस सापडतो. न केल्याचा दोष हलका, केल्याचा दोष जड. गरोदर सुनेच्या बाबतीत तर हा हिशेब सगळ्यात कडक होतो: ‘या दिवसांत नको गं काही टोचून घेऊस.’ सासूबाईंच्या बोलण्यात काळजीच असते. त्यांना एक गोष्ट सांगावी लागते: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्या काळात त्याच्याकडे असतात ती फक्त आईकडून मिळालेली प्रतिद्रव्यं. गरोदरपणात घेतलेला धनुर्वाताचा डोस सासूबाईंनी स्वतःही घेतलेला असतो, तिथून बोलणं सुरू केलं तर सोपं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ही लस गरोदरपणात केव्हाही चालते; सरकारी योजनेत ती तिसऱ्या महिन्यानंतर देतात.

गुलियन-बारे, म्हणजे जीबीएस, या हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या दुर्मीळ आजाराचं नाव हल्ली लगेच पुढे येतं. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या एका लशीनंतर लाखात सुमारे एक जास्तीचा जीबीएस रुग्ण आढळला आणि तो कार्यक्रम थांबवला गेला, हे खरं. आजच्या हंगामी लशींमध्ये हा धोका असलाच तर दहा लाखांत एक-दोन इतका आहे, आणि खुद्द फ्लू झाल्यानंतरही जीबीएस होऊ शकतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे जे रुग्ण निघाले, त्यांचा संबंध दूषित पाण्यातल्या जंतूंशी जोडला गेला, लशीशी नाही. मात्र पूर्वी फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झाला असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुन्हा घेऊ नये. मागच्या डोसची तीव्र ॲलर्जी आली असेल तर घेऊच नये. अंड्याची ॲलर्जी आता अडथळा मानत नाहीत.

एक गोंधळ शिकलेल्या घरांतही सर्रास दिसतो. बाळाच्या कार्डावर ‘एच. इन्फ्लूएन्झी बी’ किंवा ‘हिब’ असं लिहिलेलं असतं आणि आई-बाबा म्हणतात, ‘इन्फ्लूएन्झा झालाय की देऊन.’ तो एक जिवाणू आहे, त्याच्याविरुद्धची लस बाळाला पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लशीतून मिळते. १८९२ साली रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांत तो सापडला आणि फ्लूचं कारण हेच असं समजून तसं नाव पडलं. खरा फ्लूचा विषाणू माणसांत सापडला १९३३ मध्ये. चूक दुरुस्त झाली, नाव तसंच राहिलं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना फ्लूची लस वेगळी, दरवर्षी द्यायला सांगते. नऊ वर्षांच्या आतलं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढच्या वर्षीपासून एक. दुसरा डोस चुकणं ही इथली नेहमीची गफलत. पहिल्या डोसने लहान मुलाच्या शरीराला नुसती ओळख होते, पुरेसं संरक्षण तयार होत नाही, आणि मग ‘लस लागू पडत नाही’ या समजाला आणखी एक घर मिळतं.

मग होकार कशाने येतो? जिथे जिथे तपासलं, तिथे नेहमीच्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगणं हे सगळ्यात ठोस कारण निघतं. तेही ‘घ्यायची का?’ असं विचारून नव्हे, तर ‘यंदाची फ्लूची लस आज देऊन टाकू’ असं सांगून. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने कर्मचाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाला कळवलं, ‘लस उपलब्ध आहे, हवी तर वेळ घ्या.’ दुसऱ्याला कळवलं, ‘तुमची वेळ ठरलेली आहे, नको असेल तर रद्द करा.’ पहिल्यांपैकी ३३ टक्क्यांनी घेतली, दुसऱ्यांपैकी ४५ टक्क्यांनी. माहिती तीच, लस तीच. दुसऱ्या एका प्रयोगात कर्मचाऱ्यांना शिबिराची तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने कागदावर लिहायला सांगितलं; तेवढ्याने लस घेणारे शंभरात चारांहून थोडे जास्त वाढले. राहून जाण्यावरचे उपाय हे असे असतात, भाषणबाजीत बसत नाहीत.

घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या मोठ्या सोसायटीने शिबिर करायचं ठरवलं, तर ‘इच्छुकांनी नावं द्यावीत’ ही नोटीस लावू नये. साठ वर्षांवरच्यांची यादी करून प्रत्येक घराला वेळ कळवावी: ‘बी विंग, सातवा मजला, रविवारी सव्वादहा.’ ज्यांना नको ते सांगतील, त्यांना पुन्हा विचारू नये. मे महिन्यात निम्मी सोसायटी गावी गेलेली असते, म्हणून एप्रिलचा शेवटचा रविवार किंवा शाळा उघडायच्या आधीचा जूनचा पहिला. डॉक्टर हजर हवेत, तीव्र ॲलर्जी आलीच तर ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाताशी हवं, आणि टोचल्यावर पंधरा मिनिटं बसायला खुर्च्या हव्यात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांना बारीक सुई वापरून नंतर दोन मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही.

लस स्वतः विकत आणणाऱ्यांनी खोका नीट वाचावा. त्यावर वर्ष आणि ‘सदर्न हेमिस्फिअर’ किंवा ‘नॉर्दर्न हेमिस्फिअर’ असं छापलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते सुचवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. भूगोलाने आपण उत्तरेत आहोत, पण फ्लूचं आपलं वेळापत्रक पावसाशी बांधलेलं असल्याने पावसाळ्याआधी घेताना चालू वर्षाची दक्षिण गोलार्धाची लस मागावी. एप्रिलमध्ये कोणी उत्तरेची जुनी देऊ लागला, तर तो संपत आलेला साठा असतो. खोक्यावर चारऐवजी तीनच घटक दिसले म्हणून माल हलका समजू नये. बी-यामागाटा हा चौथा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे आढळलेलाच नाही, म्हणून तो काढायला सांगितलं आहे.

केमिस्टकडून दवाखान्यापर्यंतचा प्रवास हा खरा कच्चा दुवा. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. उन्हात स्कूटरच्या डिकीत नको, आणि बर्फाच्या थेट संपर्कातही नको. गोठली की ती निकामी समजायची, वितळल्यावर दिसायला अगदी तशीच असली तरी. आइस पॅकभोवती कागद किंवा रुमाल गुंडाळून छोट्या थर्मास डब्यात न्यावी, आणि शक्य असेल तर डॉक्टरांनाच मागवायला सांगावं. ठेवायची वेळ आलीच, तर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दारात नाही, फ्रीझरला टेकूनही नाही. ताप असेल त्या दिवशी थांबावं, साध्या सर्दीसाठी थांबायची गरज नाही. टोचून झालं की सिरिंजवरचं बॅच नंबरचं स्टिकर फाइलीत लावून घ्यावं.

आणि पुढच्या वर्षीची तारीख तिथेच मोबाइलमध्ये वेळेसकट टाकावी. लक्षात राहायला सोपा म्हणून बरेच जण १ मे टाकतात. त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते, दवाखाना बंद. २ मे टाका.